पीयूसीची चिठ्ठी वाचायची कशी?

पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीवाल्याकडे एक कागद असतो, जो त्याने पैसे मोजून घेतलेला असतो आणि एकदाही वाचलेला नसतो. पीयूसी सर्टिफिकेट. त्यावर नंबरप्लेटचा फोटो, क्यूआर कोड आणि मुदत. आपण बघतो ती मुदत, आणि तीही चौकात मामा उभे दिसले तरच.

त्याच कागदावर दोन आकडे छापलेले असतात, सीओ आणि एचसी. शेजारी त्यांची मर्यादा. आपला आकडा मर्यादेच्या आत असला की गाडी पास आणि विषय संपला. खरं तर ॲव्हरेज का घसरलं, पिकअप कुठे गेला, पुढचा खर्च कशावर येणार, याचा बराचसा पत्ता त्या दोन आकड्यांतच असतो. रक्ताचा रिपोर्ट आला की आपण 'नॉर्मल' एवढं वाचून फाइलला लावत नाही, साखर मागच्या वेळेपेक्षा किती वाढली ते बघतो. गाडीच्या बाबतीतही तेच करायचं आहे.

माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात इंजिनांच्या टेस्ट बेडवर गेली. सीओ जरासा खाली आणायला आम्ही पाळ्याच्या पाळ्या घालवल्या आहेत. घरच्या मोटरसायकलची चिठ्ठी मात्र मी वर्षानुवर्षं न वाचता टूलबॉक्समध्ये कोंबत होतो. गाडी २००८ ची, कार्बोरेटरची. एका हिवाळ्यात तिचं ॲव्हरेज ५५ वरून ४४ वर आलं. गॅरेजवाला म्हणाला, "काका, वय झालं आता तिचं. बोअर-पिस्टन करून टाकू."

खर्चाचा आकडा ऐकून घरी आलो आणि पहिल्यांदाच दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. सहा महिन्यांपूर्वी सीओ ०.९ टक्के, आता ३.१. मर्यादा ३.५, म्हणजे दोन्ही वेळा पास. एचसी फारसा हललेला नव्हता. रिंगा गेल्या असत्या तर एचसी चढला असता, सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला असता. इथे नुसता सीओ वाढला होता, याचा अर्थ पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात होतं. चोकची केबल चाचपून पाहिली. हँडलवरचा खटका पूर्ण मिटलेला, पण पावसाळ्यात गंजलेली केबल अडकल्यामुळे कार्बोरेटरमधला प्लंजर थोडा वर राहिला होता. बोटाने दाबला तसा 'टक्' करून जागेवर बसला आणि चालू इंजिनाचा आवाज तिथल्या तिथे बदलला. नवी केबल टाकली. पुढच्या चिठ्ठीत सीओ १.०. बोअर-पिस्टन अजून पहिलाच आहे.

आता हे आकडे कशाचे ते बघू. १ किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की पेट्रोलमधला कार्बन अर्धवट जळतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, तो सीओ. जे पेट्रोल जळतच नाही, ते जसंच्या तसं किंवा थोडं मोडून बाहेर पडतं, ते हायड्रोकार्बन म्हणजे एचसी. सीओ टक्क्यांत मोजतात, एचसी पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती ते. धुरात सीओ ३ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड १२ टक्क्यांच्या आसपास असेल, तर दर पाच कार्बनपैकी एक अर्धाच जळून गेला. सिग्नलला आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात विषारी वायू जातो हा एक भाग झाला. दुसरा असा की त्या अर्धवट जळलेल्या पेट्रोलचेही पैसे आपणच पंपावर दिलेले असतात.

मर्यादा गाडीच्या पिढीप्रमाणे बदलते. १ एप्रिल २००० नंतरच्या जुन्या पिढीतल्या फोर-स्ट्रोक दुचाकींना सीओ ३.५ टक्के आणि एचसी ४५०० पीपीएम चालतो. बीएस-६ दुचाकींना तोच ०.५ टक्के आणि ५०० पीपीएम. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगला सीओ ०.३ टक्के, एचसी २०० पीपीएम. या मर्यादा नापास करण्यासाठी आहेत, गाडी धडधाकट आहे हे सांगण्यासाठी नाहीत. जुनी पण नीट लागलेली कार्बोरेटरची मोटरसायकल एक-दीड टक्क्यात सहज चालते. तिचा आकडा ३ वर आला असेल तर सर्टिफिकेट मिळेल, ॲव्हरेज मिळणार नाही.

सीओ वाढला, एचसी जागेवर: मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. कार्बोरेटरच्या गाडीत चोक अडकलाय का, फ्लोटची सुई झिजून पेट्रोल भरून येतंय का, मिश्रणाचा स्क्रू कोणी फिरवलाय का, हे क्रमाने बघा. इंजेक्शनच्या गाडीत संशय ऑक्सिजन सेन्सरवर किंवा गळणाऱ्या इंजेक्टरवर.

एचसी वाढला, सीओ कमी: पेट्रोल आत जातंय, पण पेटत नाही किंवा निसटतंय. प्लग, प्लगची कॅप, आवळलेले टॅपेट, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला गेलेली चीर. या रबराला हात लावून बघायची कोणाला आठवण होत नाही. पंधरा वर्षांच्या गाडीत ते उन्हाने कडक होऊन तडकलेलं असतं, तिथून जादा हवा आत जाते आणि गाडी आयडलिंगला कधी चढते, कधी पडते.

दोन्ही वाढले असतील तर पेट्रोल इतकं जास्त जातंय की प्लगच ओला होतोय, किंवा त्याच्या जोडीला ऑइलही जळतंय. आणि जुन्या गाडीचे दोन्ही आकडे अचानक शून्याच्या जवळ आले, तर आनंद मानू नका. सायलेन्सरला भोक पडलं असेल, नाहीतर तपासणीची नळी आत गेलीच नसेल.

आकड्यांवरून आलेला संशय पक्का करायला प्लग काढा. इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, थोडी थंड होऊ द्या आणि प्लग-पान्याने प्लग सोडवा. टोकाच्या चिनी मातीचा रंग बदामी किंवा विटकरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. काळा आणि तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्वचं सील. पांढरा फटक, वर बारीक फोड आल्यासारखा असेल तर हवा जास्त आणि इंजिन तापतंय, याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. प्लगची फट किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, बहुतेक मोटरसायकलींत ती ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास. फीलर गेज नाना पेठेत कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. तिथेच प्लगही घ्या, पण पाकिटावरची किंमत, होलोग्राम आणि पार्ट नंबर बघून. सुट्टा, रद्दीत गुंडाळलेला प्लग कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

एका ठिणगीवर किती अवलंबून असतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे. आकुर्डीच्या बजाजने २००३ मध्ये पल्सरला एकाच सिलिंडरवर दोन प्लग दिले, त्याला डीटीएस-आय म्हणायचे. एका बाजूने पेटलेल्या ज्वालेला दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागतो आणि तोवर पिस्टन खाली निघालेला असतो. दोन बाजूंनी पेटवलं की अंतर निम्मं होतं, जळणं लवकर पुरं होतं. ज्यांच्याकडे अशी दोन प्लगची गाडी आहे त्यांनी प्लग बदलताना दोन्ही बदलावेत. एक मेला तरी गाडी चालत राहते, त्यामुळे महिनोन्महिने कळत नाही. कळतं ते पेट्रोलच्या बिलात.

टॅपेटबद्दल एक तक्रार आहे. टॅपेट जरा वाजायला लागले की गिऱ्हाईक गॅरेजमध्ये जातं, मेकॅनिक आवाज बंद होईपर्यंत ते आवळतो आणि दोघंही खूश होतात. पण इंजिन तापलं की व्हॉल्वची दांडी लांबते. फट उरली नसेल तर व्हॉल्व पूर्ण मिटत नाही. दाब निसटतो, एचसी चढतो, किक हलकी लागते आणि पुढे व्हॉल्वची कड जळते. थोडा वाजणारा टॅपेट परवडला. थंड इंजिनावर, पुस्तकात दिलेल्या मापाची पट्टी घालून सेटिंग करून घ्या आणि ते होत असताना शेजारी उभे राहा.

एअर फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा हे कंपनी सांगते, पण ते चांगल्या रस्त्यासाठी. आपल्याकडे वर्षाचे बारा महिने कुठला ना कुठला रस्ता खोदलेला असतो. मेट्रोच्या किंवा ड्रेनेजच्या कामाशेजारून रोज जात असाल तर सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावरच फिल्टर उघडून बघा. कागदी फिल्टर झटकून किंवा जोराची हवा मारून पुन्हा बसवू नका, कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तेलात भिजवलेल्या कागदी फिल्टरची साफसफाई होत नाही, तो बदलायचाच. एकदा एका शेजाऱ्याची गाडी चाळिसाच्या पुढे जाईना म्हणून फिल्टरचं खोकं उघडलं, तर हवेच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. स्क्रूड्रायव्हरने फोडलं, तर आतून तिने पिल्लांसाठी साठवलेले सात-आठ कोळी पडले. गाडी दोन महिने पार्किंगमध्ये उभी होती, तेवढ्यात हा संसार थाटला गेला होता.

पुण्याचं आणखी एक वैशिष्ट्य उंचीचं आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. कार्बोरेटर हवेचं वजन करत नाही, तिच्या वाहण्यावर पेट्रोल सोडतो. मुंबईत लावलेली गाडी पुण्यात आणली की पेट्रोल थोडं जास्त जातं. गाडी बदलीबरोबर घाट चढून आली असेल तर इथे आल्यावर एकदा मिश्रण पुन्हा लावून घ्या. सिंहगडावर तर उंची १३०० मीटरपर्यंत जाते. तिथे जुनी मोटरसायकल दमली तर तिला म्हातारी ठरवू नका, तिला श्वासच कमी मिळतोय. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी-जास्त करतो. ताकद तिथेही थोडी घटते, पण धूर वाढत नाही.

आणि आता ई२०. इथेनॉल २० टक्के मिसळलेलं पेट्रोल २०२५ पासून आपल्या पंपांवर सर्रास आहे. त्यावर घरोघर भांडणं झाली, त्यात मी पडत नाही. हिशेब सांगतो. लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिसळलं की टाकीतली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या मोटारींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के, दुचाकींचं ३ ते ४ टक्के आणि ई२० साठी जुळवलेल्या मोटारींचं १ ते २ टक्के घटेल असा अंदाज दिलेला होता. म्हणजे ५० चं ४८ झालं तर ते इंधनामुळे असू शकतं. ५० चं ४० झालं तर इथेनॉलला शिव्या देत बसू नका, गाडी उघडा.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई२० ला १४.७ ऐवजी साडेतेरा पट हवा पुरते. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरला ते कळत नाही, तिथे मिश्रण आपोआप पातळ होतं. तुमच्या जुन्या गाडीची चिठ्ठी ई२० आल्यावर सुधारली असेल, सीओ उतरला असेल, तर त्यामागे हेच कारण आहे. पण ज्या गाडीचं मिश्रण आधीच पातळ ठेवलेलं होतं ती आता रेस देताना अडखळेल आणि तापेल. तिला मिश्रणाच्या स्क्रूला किंचित पेट्रोल वाढवून द्यावं लागतं. जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल कॉकचं सील, फ्लोट चेंबरचं गॅस्केट फुगतं, तेही बघून घ्या. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी महिनाभर उभी राहिली, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसू शकतं, आणि तेच आधी इंजिनात जातं. गाडी उभी करायचीच असेल तर टाकी भरून ठेवा आणि कार्बोरेटरच्या बुडाचा ड्रेन स्क्रू सोडून तेवढं पेट्रोल काढून टाका.

ॲव्हरेज मोजायचं कसं, यावर पुण्यात मतभेद असणं साहजिक आहे. 'शंभरचं टाकलं, कात्रजला जाऊन आलो' हे मोजमाप नव्हे. एकाच पंपावर टाकी ऑटो-कटपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, दोन-अडीचशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा. असं तीनदा करून सरासरी काढा.

यंत्र कितीही नीट लावलं तरी चालवणारा ते बिघडवू शकतो. सर्वांत महाग प्रवास असतो दुधाच्या पिशवीचा. थंड इंजिन जादा पेट्रोल पितं आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. दीड किलोमीटरवर दुकान असेल तर जाता-येता दोन्ही वेळा तो थंडच राहतो. नवीकोरी बीएस-६ गाडी असली तरी तेवढ्या वेळात तिचा धूर कन्व्हर्टर नसल्यासारखाच बाहेर येतो. चालत जा म्हणणार नाही, पुणेकराला ते सांगून उपयोग नाही. निदान तीन कामं एका फेरीत करा.

मिनिट-दीड मिनिटाचा सिग्नल असेल तर इंजिन बंद करा. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवून बघा. ब्रेक घासत असेल तर ट्यूनिंगचे पैसे पाण्यात.

उताराचं मात्र सविस्तर सांगायला हवं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रल करून 'फुकटात' आणणारे अजून आहेत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकने एकामागून एक ४८ गाड्यांना धडक दिली, तेव्हा ब्रेक फेल झाले नव्हते, चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. इंजिन बंद झालं की ट्रकच्या ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो. मोटारीत ब्रेकला जोर देणारी निर्वात पोकळी दोन-चार दाबांत संपते. जिवाची गोष्ट बाजूला ठेवली तरी हिशेबही चुकीचा आहे. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की संगणक पेट्रोल किंवा डिझेल पूर्ण तोडतो आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की आयडलिंगसाठी इंधन पुन्हा सुरू होतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च जास्त.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. डिझेलच्या चिठ्ठीवर सीओ-एचसी नसतं, धुराचा काळेपणा असतो, त्याचा आकडा 'के'. बीएस-४ ला १.६२, बीएस-६ ला ०.७. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: फिल्टर, टर्बोची फाटलेली नळी, इंजेक्टर. निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत असेल तर कूलंट आत जातंय का बघा. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साठलेली काजळी तो अधूनमधून जाळतो आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं सलग, साठच्या पुढचा वेग लागतो. कोथरूड ते डेक्कन एवढीच गाडी वापरणाऱ्यांचा डीपीएफचा दिवा त्यामुळे लागतो. दिवा लागला की सातारा रस्त्याला किंवा एक्स्प्रेसवेला एक फेरी मारून या, मध्ये गाडी बंद करू नका. आणि ज्यांचा रोजचा प्रवास आठ किलोमीटरचा आहे त्यांनी पुढची गाडी डिझेल घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

सोसायटीच्या जनरेटरचंही तसंच आहे. दर शनिवारी वॉचमन तो अर्धा तास रिकामाच चालवतो आणि सेक्रेटरी रजिस्टरवर सही करतात. बिनभाराचं डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही, न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये काळ्या चिकट थरासारखं साठतं. चाचणी घ्यायची तर लिफ्ट, पंप जोडून निदान तीस टक्के भार द्या. खडकीत कित्येक दशकं डिझेल इंजिनं बनत आली. शेतावरच्या पंपाला जोडलेलं असं इंजिन दिवसभर पाणी ओढत असायचं, म्हणून ते टिकायचं.

आता काय करू नका ते. कन्व्हर्टर काढून बसवलेला इंदोरी फटाका सायलेन्सर ताकद वाढवत नाही, आवाज वाढवतो. आपण त्या आवाजाला ताकद समजतो. पेट्रोलच्या नळीवर बसवायचं लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, हवेच्या नळीतला पंखा यांचा एक पैशाचा उपयोग नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभरावर उपकरणं तपासली, त्यातल्या मोजक्यांनीच किंचित फरक दाखवला. आपल्या वेताळ टेकडीवर, फिरायला जाणारे जिला एआरएआयची टेकडी म्हणतात तिथे, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आहे. तिथे गाडी रोलरवर ठरलेल्या वेगाने पळवून किलोमीटरला किती ग्रॅम काय निघालं ते मोजतात. बीएस-६ दुचाकीला नायट्रोजन ऑक्साइड किलोमीटरमागे ०.०६ ग्रॅम एवढेच चालतात. कारखान्याने तेवढ्या काट्यावर बसवलेल्या इंजिनात चुंबक लावून सुधारणा होणार असती, तर ते चुंबक कंपनीनेच बसवून दिलं असतं.

पीयूसीच्या यंत्राची मर्यादाही इथेच ध्यानात घ्या. दुचाकीची तपासणी उभ्या गाडीवर, आयडलिंगला होते. नायट्रोजन ऑक्साइड भाराखाली, ज्वाला फार तापल्यावर तयार होतात, ते या चिठ्ठीत येतच नाहीत. म्हणून काही जण 'पीयूसीपुरती ट्यूनिंग' करतात. स्क्रू फिरवून पेट्रोल इतकं तोडतात की सीओ शून्यावर येतो. चिठ्ठी सुंदर दिसते आणि गाडी घाटात तापून बसते. तसं करून घेऊ नका.

बीएस-४ आणि बीएस-६ गाडीची मुदत वर्षाची, त्याआधीच्या गाडीची सहा महिन्यांची. मुदत संपायच्या दिवशी घाईघाईत घराजवळच्या केंद्रावर थंड गाडी नेऊ नका. दहा-पंधरा मिनिटं चालवून मग न्या, नाहीतर बीएस-६ गाडीचाही आकडा खोटा चढलेला दिसेल. नळी सायलेन्सरमध्ये वीतभर तरी आत गेलेली स्वतः बघा. 'राहू द्या हो, नुसती चिठ्ठी देतो' म्हणणारे मलाही भेटले आहेत. त्यांना सांगा, पैसे आकड्याचे देतोय. आणि नवी चिठ्ठी हातात आली की जुनी फाडू नका. घरी नेऊन दोन्ही शेजारी ठेवा, मागच्या पानावर त्या दिवशीचं ॲव्हरेज पेन्सिलने लिहा आणि सीओ दुप्पट झालेला दिसला, तर गाडी पास असली तरी त्याच आठवड्यात गॅरेजला न्या. जाताना दोन्ही चिठ्ठ्या खिशात असू द्या.